झरीवरचे गाऱ्हाणे

गावच्या नव्या सभागृहात माझ्या आजीची म्हणून जी तसबीर लावली आहे, ती माझ्या आजीची नाही. चेहरा तिचाच आहे. मूळ छायाचित्र मीच दिले होते. त्यात ती अंगणात उभी राहून, उन्हाने डोळे बारीक करून, डावा हात कमरेवर ठेवून छायाचित्र काढणाऱ्यालाच काहीतरी खडसावत होती. तोंड अर्धवट उघडे होते, कपाळावर आठ्या होत्या. पणजीच्या कुणा कुशल माणसाने संगणकावर तिचे ओठ मिटवले, आठ्या पुसल्या, कमरेवरचा हात उचलून दुसऱ्या हाताशी जोडला आणि पाठीमागे आकाशी रंग भरला. आता ती भिंतीवरून साऱ्यांना नमस्कार करते. अनावरणाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल घेऊन बसलो होतो आणि गावचा पंच ध्वनिक्षेपकावरून सांगत होता, "सुभद्राकाकी म्हणजे शांत, सोशिक मूर्ती. आयुष्यात कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत." टाळ्या पडल्या. मी हळू बोलणारा माणूस आहे. राग आला तर आधी स्वतःलाच तपासतो, की हा राग न्यायाचा की अहंकाराचा. त्या दिवशीही तपासला. तो न्यायाचा निघाला. म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

आजीचे माहेर पेडण्याकडचे, सासर आमच्या डिचोलीच्या डोंगराळ गावातले. लग्नानंतर तिने इथली माती, इथली माणसे, इथला मासळीबाजारापासूनचा लांबपणा सारे स्वीकारले, पण पेडण्याची बोली सोडली नाही. आमचे घर डोंगराच्या पायथ्याशी होते. वरच्या रस्त्याने खाणीचे ट्रक जात आणि चढावर गियर बदलताना त्यांचा जो आवाज होई, त्याने आमच्या जनेलाची तावदाने थरथरत. त्या आवाजाच्याही वर आजीचा आवाज असे. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती दारातून ओरडे, "कालचो पाव दगडासारको होतो रे! दात माजे आसत थोडे, ते तरी ठेय!" आणि पोदेर सायकलवरून न उतरता हसत म्हणे, "काकी, आज मऊ आसा, पेजेत घालूकच नको." मग रगड्याची घरघर सुरू होई. खोबरे, हळद, सुकी मिरची यांचा वास आणि खाणीच्या तांबड्या धुळीचा वास एकमेकांत मिसळून आमच्या घराचा असा एक वास झाला होता. तो मला आजही एखाद्या अनोळखी वाटेवर अचानक येतो आणि मी थांबतो. दहाच्या सुमारास पेज. उकड्या तांदळाची, वर मिठाचा खडा, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर खारातले लिंबू. पेजेचे भांडे घरातल्या माणसांपेक्षा नेहमी मोठे असे. "कोण येतलो म्हणान ठेवलंय, ता येतलो तोच जाणा," असे ती म्हणे, आणि कुणीतरी येईच.

जे येत ते काहीतरी घेऊन येत. ओझे, तक्रार, भांडण, ताप. बाळंतिणीच्या उशाशी बसायचे असो, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला अंगणातूनच परत फिरवायचे असो, की मयताच्या घरी पहिल्या दिवशीची चूल पेटवायची असो, आजीला बोलावणे लागत नसे. तिच्या मदतीत गोडवा नव्हता. ती आधी शिव्या घाली, मग पदर खोचे. ज्याला तिने शिवी घातली नाही, त्याचे काम होणार नाही, असा गावात समज होता. मला ती दिवसातून कितीदा तरी सांगे, "पोटातल्या पोटात काय बोलतंस? आवाज वाडय. बायर मनीस बसलोहा, तेका ऐकूक येवक नको?" मी तेव्हा कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि माझ्या हळू बोलण्याला मी सभ्यता समजत होतो.

शेवंती आमच्या घरी पहिल्यांदा आली ती अशाच एका पेजेच्या वेळी. खाणीवर काम करणाऱ्या सिंधुदुर्गाकडच्या लोकांच्या झोपड्या डोंगराच्या उतारावर होत्या. गावातले लोक त्यांना 'वयले' म्हणत, म्हणजे वरचे. आणि त्या शब्दात वर काही नव्हते. शेवंती अंगणाच्या कडेला उभी राहून चार मिरच्या मागत होती.

"खंयची गो तू?" आजीने आतूनच विचारले.

"कुडाळाकडची, काकी."

"मगे पेडण्याच्या पलीकडचीच गो! माज्या माहेराकडची. मिरच्यो मागतंस आनी पोट सांगता पेज. वयर ये, बस."

"नको काकी, माजे पाय मळले हत."

"माज्या भुयेक तुज्या पायांची काय भीती? बस म्हटला मगे बस. कितवो म्हयनो?"

शेवंती लाजली. आजी म्हणाली, "सांगू नको. माजे डोळे आसत." आणि वाडग्यात पेज ओतली. त्या पावसाळ्याच्या शेवटी शेवंतीला मुलगा झाला तो आजीच्या हातावर. बाळाला पहिली आंघोळ घातली ती झरीच्या पाण्याने.

आता झरीविषयी सांगितले पाहिजे. गावाच्या वरच्या अंगाला खडकातून एक झर निघते. दगडी मुखातून ती खाली छोट्या कोंडीत पडते. बारा महिने पाणी, भर उन्हाळ्यात गार. तिच्या बाजूला पिंपळाखाली राखणदाराचे स्थान आहे. मूर्ती नाही, एक शेंदूर लावलेला दगड. चैत्रात एका दिवशी गाव झर उपसून साफ करतो आणि राखणदारासमोर नारळ ठेवतो. त्या वेळी गावकर, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातला मानकरी, गाऱ्हाणे घालतो. "बा देवा म्हाराजा" असे म्हणून तो गावाची सुखदुःखे देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्यांनी हे ऐकले नाही त्यांना हा एक विधी वाटेल. आमच्याकडे तो निर्णय असतो. गाऱ्हाण्यात घातले आणि जमावाने हुंकार दिला की ती गोष्ट माणसांची राहत नाही. ती मोडायची कुणाची छाती होत नाही. आणि एक नियम असा, की सुरू झालेले गाऱ्हाणे मध्येच तोडत नाहीत. तोडले तर गावाला बाधते. त्याच दिवशी त्याच जागी त्याच्या उलट दुसरे गाऱ्हाणेही घालत नाहीत.

त्या वर्षी झरीचे पाणी कमी झाले होते. कोंड भरायला वेळ लागू लागला, बायकांच्या रांगा लागल्या. पाणी का कमी झाले हे गावात कुणाला माहीत नव्हते असे मी मानायला तयार नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने खाणीचा खड्डा झरीच्या उगमापेक्षाही खाली गेला होता; रात्रंदिवस पंप लावून त्यातले पाणी उपसत होते आणि ते तांबडे पाणी ओढ्यातून कुळागरांत, पोफळीच्या बागांत, शिरत होते. पण गावातल्या घरोघरचे कुणी ना कुणी खाणीवर होते. कुणाचा ट्रक, कुणाचा भाऊ. माझे वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. खड्ड्याकडे बोट दाखवले असते तर ते बोट आपल्याच ताटाकडे वळले असते. म्हणून गावाने दुसरीकडे बोट दाखवले. वयले येतात, कळश्या भरतात, कपडे धुतात, झर विटाळली, म्हणून राखणदार कोपला. आज चाळीसएक वर्षांनी हे लिहितानाही माझा हात जड होतो. ज्यांनी पाणी पळवले त्यांना सलाम आणि ज्यांना तहान लागली त्यांच्यावर आळ!

नारळ ठेवण्याच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, आबा गावकर आमच्या सोप्यावर येऊन बसले. ते गावचे मानकरी आणि वडिलांचे शाळासोबती.

"उद्या घालतंय गाराण्यात," ते वडिलांना म्हणाले. "वयल्यांनी झरीर येवचा नाय. एकदा देवाच्या कानार घातला म्हणजे वाद नको."

वडील म्हणाले, "तांका मगे पाणी खंयचा?"

"खाणीचा आसा मगे! ती तांची रोजी, तांचाच पाणी."

आत रगडा थांबला. आजी हात पुसत बाहेर आली. "आबा, खाणीचा पाणी तुया पिलंस कदी? माका सांग, कसा लागता. शेवंतीचा पोर सा म्हयन्यांचा. तेका ता तांबडा पाणी पाजूचा?"

"काकी, ह्या बायलमनशांचा काम नव्हे."

"पाणी हाडूचा बायलमनशांचा काम, आनी पाण्याचा बोलूचा दादल्यांचा?"

आबा हसले. वाईट माणूस नव्हता तो. हेच मला अधिक चिडवते. "काकी, तुमी विधवा मनीस. तुमी नारळाच्या वेळार झरीर येवचीच नाय मुळात. शांत रवा."

"शांत मी जातलंय मरतकच," आजी म्हणाली. "च्या पी आनी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुरुष झर उपसत होते. मी चिखलाची घमेली वाहून नेत होतो. कोंड साफ झाली, दगडी मुख तांदळाच्या पिठाने रेखले गेले, सारे हातपाय धुऊन पिंपळाखाली अर्धवर्तुळात उभे राहिले. आबांनी डोक्याला रुमाल बांधला आणि नारळ घ्यायला हात पुढे केला. एवढ्यात खालच्या पायवाटेने आजी चढून आली. पांढरे लुगडे, कमरेला खोचलेला पदर, हातात आमच्याच माडाचा न सोललेला नारळ. कुणाला काही कळायच्या आत तिने तो नारळ शेंदरी दगडासमोर ठेवला आणि तोच तो आवाज, ट्रकांच्या वर चढणारा, डोंगरावर आदळला.

"बा देवा म्हाराजा! ह्या झरीच्या राखणदारा म्हाराजा!"

आबांचा हात तसाच राहिला. कुणीतरी "काकी!" म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. गाऱ्हाणे सुरू झाले होते. ते तोडण्याचे पाप आता कुणाच्या माथी घ्यायचे? आजीने ही सगळी माणसे बाळपणापासून पाहिली होती. कुणाची भीती कुठे राहते हे तिला ठाऊक होते.

पण गाऱ्हाण्याला दुसराही एक पाय असतो. जमावाने हुंकार द्यावा लागतो. हुंकाराशिवायचे गाऱ्हाणे म्हणजे एका म्हातारीची बडबड. तिने पहिली हाक दिली आणि थांबली. हुंकार आला नाही. आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचा भाव आला. मी वडिलांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मी तोंड उघडले. आवाज निघाला, तो निघालाच हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तो माझ्या कानापलीकडे गेला नाही. मी तेव्हाही तसाच बोलत होतो.

आणि मग झरीभोवतीच्या कुंपणाच्या पलीकडून, जिथे वयल्यांच्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन आपल्या पाण्याचा निकाल ऐकायला थांबल्या होत्या, तिथून एक बारीक, थरथरती हाक आली.

"व्हय म्हाराजा!"

शेवंती होती. कडेवर पोर होते. तिच्या गावीही गाऱ्हाणी होतात, तिथेही हुंकार देतात. ही भाषा तिची होती, आमच्याइतकीच. ज्यांना झरीवरून हाकलायचे होते, त्यांनाच देवाशी कसे बोलतात हे येत होते, आणि हे आम्हा कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

आजीने मान वळवली नाही. तिचा आवाज मात्र आणखी चढला.

"ह्या डोंगरान कोणाचा गाव इचारून पाणी सोडूक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता कुंपणापलीकडून पुष्कळ आवाज आले.

"जो तानेलो इलो, तेका तुया पाणी दिलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी अर्धवर्तुळातलाही एक आवाज होता, आमच्या पोदेराच्या शेजारी राहणारा म्हातारा सुतार. त्याच्या पाठोपाठ आणखी कुणी.

"आज तुजा पाणी आटता. ता कळशेन नाय आटला, ता खाणीच्या खड्ड्यान आटला. ह्या हयसर उब्या आसलेल्या सगळ्यांका ठावक आसा, पण घास अडकलोहा म्हणान कोण बोलना, म्हाराजा!"

इथे पुरुषांमधला एकही आवाज निघाला नाही. कुंपणापलीकडच्या बायकांचेही नवरे खाणीवरच होते, क्षणभर त्याही थबकल्या. मग शेवंतीने हुंकार दिला, आणि साऱ्याजणींनी दिला.

"जो कोण तानेल्या पोराक हयसून परतायत, तेच्या तोंडात ह्या पाण्याची गोडी रवा नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजीने नारळ सोलला नव्हता, तो तसाच आबांपुढे सरकवला आणि त्यांना म्हणाली, "फोड आता. मान तुजो आसा, तो मी घेवचंय नाय." आबांनी तो सोलला, फोडला. दुसरे काय करणार होते? उलट गाऱ्हाणे घालता येत नव्हते. शेरणी, म्हणजे नारळाचा प्रसाद, वाटताना त्यांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा आजीच्या हातावर ठेवला. आजीने तो तुकडा दोन केला आणि अर्धा कुंपणावरून शेवंतीला दिला.

दुपारी जेवायला सोलकढी, भात आणि आंबाड्याचे सासव होते. वडील ताटावर बसले आणि घास न घेता म्हणाले, "आये, तुज्या आवाजान माजी नोकरी जातली."

"गेली तर पेज पातळ करूया," आजी म्हणाली. "जेव."

नोकरी गेली नाही. महिनाभरात वडिलांना कचेरीतून काढून ट्रकांच्या वजनकाट्यावर बसवले. तिथे छप्पर नव्हते. दिवसभर ऊन आणि धूळ. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले आणि तो खोकला त्यांच्याबरोबर घरी आला, शेवटपर्यंत राहिला. मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे, की आजीने आपल्या शब्दांची किंमत मुलाला मोजायला लावली का. तिलाही हा प्रश्न पडत असणार. रोज संध्याकाळी ती कोमट पाणी आणि मीठ घेऊन दारात उभी असे, वडिलांचा चेहरा स्वतः पुसत असे, आणि त्या वेळी मात्र काही बोलत नसे. वडिलांनी तिला एकदाही बोल लावला नाही. त्यांनी झरीवर हुंकार दिला नव्हता. उन्हातल्या त्या साऱ्या वर्षांत, मला वाटते, ते तो देत होते.

झरीवर वयले पाणी भरत राहिले. पुढे खाण बंद पडली, बरेच परत गेले. शेवंती राहिली, तिच्या मुलाने गावात दुकान घातले. आजी गेली तेव्हा तिला शेवटचे पाणी घालायला शेवंती होती. हे सारे गावाला माहीत आहे. तरीही त्या दिवशी सभागृहात, आबा गावकरांचाच मुलगा, आताचा पंच, ध्वनिक्षेपकावरून 'शांत, सोशिक' म्हणत होता. आणि येताना वाटेत मी झरीजवळ नवा फलक पाहून आलो होतो: 'हे पाणी फक्त गावातील रहिवाशांसाठी.' मोरजीच्या किनाऱ्याकडे जशा हवेल्या उठल्या तशा आता आमच्या डोंगरावरही उठत आहेत. त्या बांधायला झारखंड, ओडिशाकडची माणसे आली आहेत, पत्र्याच्या झोपड्यांत राहत आहेत. पाणी कमी झाले आहे. त्या हवेल्यांच्या कूपनलिकांविषयी फलकावर काही नाही. आजीला भिंतीवर हात जोडायला लावायचे आणि तिच्या झरीवर हे लिहायचे! माणूस मेल्यावर त्याचा आवाज काढून घेणे किती सोपे असते. त्याच्या तोंडाला हार घातला की झाले.

मला दोन शब्द बोलायला बोलावले. मी आभार मानायचे होते. मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो, शाल काढून खुर्चीवर ठेवली, तसबिरीकडे पाहिले. पोटात सगळे होते, आणि पोटातच होते. मग मी म्हणालो, "बा देवा म्हाराजा."

सभागृहात कुजबुज झाली. पंच अर्धा उठला आणि बसला; बापाकडून एवढे तरी त्याच्याकडे आले होते. "झरीच्या राखणदारा म्हाराजा," मी म्हणालो, "ह्या डोंगरान कोणाचा गाव इचारून पाणी सोडूक नाय."

पहिल्या रांगा ताठ बसल्या होत्या. मी थांबलो, जसा ती थांबली होती. आणि अगदी मागून, दाराजवळच्या खुर्चीवरून, जिला मंचावर बोलावण्याचे कुणाला सुचले नव्हते ती, आता पाठीत वाकलेली, काठीवर हनुवटी टेकलेली शेवंती ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि लगेच, तिला कुणाची भीड कधी होती, "आवाज वाडय रे बाबू! हय काय्येक ऐकूक येना!"

मी ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि पुन्हा, मोठ्याने, सुरुवातीपासून म्हटले.